मगर कोणापुढे ठेवायची?

मी एक लाकडी मगर बोलतेय. हसू नका. लांबी वीतभर, पाठीवर करवतीसारखे दाते आणि शेपटीचं टोक मोडलेलं. आत्ता मी चहाच्या टेबलावर आहे. आजूबाजूला कपबश्या मांडल्यात, बिस्किटं काढलीत आणि आजी दाराकडे बघत बसलीय.

मला घडवलं आजोबांनी. ते बंदरावर सुतारकाम करायचे. आजी दुसऱ्या देशातली. दोघांची गाठ पडली एस्पेरांतोच्या संमेलनात. एस्पेरांतो म्हणजे कुठल्याच देशाची नाही म्हणून सगळ्यांची, अशी मुद्दाम रचलेली भाषा. आजोबांना आजीची भाषा येत नव्हती, आजीला त्यांची. मग काय, प्रेम एस्पेरांतोत, लग्न एस्पेरांतोत आणि भाजीत मीठ जास्त पडल्याची भांडणंही एस्पेरांतोतच.

या मंडळींत एक गमतीची रीत आहे. सगळे जमलेले असताना जो एस्पेरांतो सोडून आपल्या घरच्या भाषेत घसरतो, तो मगरपणा करतो असं म्हणतात. आम्हा मगरींचा यात काय दोष, हे मला कुणी सांगितलेलं नाही. आजोबांनी त्यावर कडी केली. मला कोरलं आणि नियम घातला, की जो घसरेल त्याच्यापुढे मगर ठेवायची, आणि दुसरा कुणी घसरेपर्यंत ती तिथून हलवायची नाही. वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी मंडळ भरायचं आणि मी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचे. एकदा टायपिस्ट बाईंच्या बोटात टाचणी घुसली आणि त्या घरच्या भाषेत "आई गं!" म्हणाल्या, तेव्हा सगळे मला घेऊन त्यांच्याकडे धावले होते. औषध मागाहून आलं.

घरीही माझी चैन होती. चिडली की आजी हमखास माहेरच्या भाषेत सुटायची. आजोबा शांतपणे मला तिच्या ताटापुढे आणून ठेवायचे. ती आणखी चिडायची आणि मग हसायची.

आजोबा गेले आणि मंडळ दाताच्या डॉक्टरांच्या हाती आलं. माणूस वाईट नाही. पण त्यांचं ठाम मत होतं, "मोठी माणसं जोडा, भाषा आपोआप वाढेल!" झालं. भिंतीवर पाटी लागली, 'आपल्या भाषेचे थोर पुरस्कर्ते'. आधी तिथे भाषा बोलणाऱ्यांचेच फोटो लागले. पण असे थोर मिळणार किती? मग नुसती समजणारे घेतले. मग लहानपणी दोन धडे वाचलेले एक शास्त्रज्ञ आले. मग एक माजी मंत्री, ज्यांच्या सहायकाने शुभेच्छा पाठवल्या होत्या. शेवटी एक फुटबॉलपटूही भिंतीवर चढले. डॉक्टरांनी त्यांना विमानतळावर गाठून भाषेविषयी सांगितलं होतं आणि ते "वा, छान," म्हणून पुढे गेले होते.

"त्यांना येते का हो भाषा?" आजीने विचारलं.

"विरोध तर नाही ना केला!" डॉक्टर म्हणाले.

भिंत भरत गेली आणि टेबल ओस पडत गेलं. उरलेल्यांची चर्चा एकच, पुढचा फोटो कुणाचा. तीही घरच्या भाषेत, कारण काम घाईचं. मी एकटी कुणाकुणापुढे जाणार? माझी रवानगी कपाटात झाली, फडक्यांच्या गठ्ठ्याशेजारी. आजी मात्र दर शनिवारी यायची. भाषा घडाघडा बोलणारी आता ती एकटीच राहिली होती. तिचा मुलगा लहानपणी हीच भाषा बोलायचा, पण आता तो म्हणतो, "आई, साध्या भाषेत बोल ना." तिला फक्त एवढंच हवं होतं, की कुणीतरी तिच्याशी बोलावं, चुकतमाकत का होईना.

काल मोठा समारंभ होता. एका नामवंत गायिकेचा फोटो भिंतीवर लागायचा होता.

"मगर काढू का बाहेर?" आजीने विचारलं.

"भलतंच काय, आजी! पाहुण्यांपुढे मगर ठेवायची?"

गायिकाबाईंनी तळहातावर लिहून आणलेलं एस्पेरांतो वाक्य म्हटलं. घामाने शेवटचा शब्द पुसला गेला होता, तिथे त्यांनी एक तान घेतली. टाळ्यांनी खोली दणाणली. मग डॉक्टर या भाषेच्या महतीवर खूप वेळ बोलले, अर्थात घरच्या भाषेत.

शेवटी आभार मानायला आजी उभी राहिली. ती एस्पेरांतोत बोलली आणि कपाटाचं दार किलकिलं असल्यामुळे मला सगळं ऐकू आलं. ती म्हणाली, "सोमवारी मुलगा मला कायमचं त्याच्या घरी नेतोय. तिथे ही भाषा मी कुणाशी बोलणार? उद्या संध्याकाळी माझ्याकडे चहाला या. एकदा पोटभर बोलू या."

सगळे माना डोलावत होते. गायिकाबाईंनी तर डोळ्यांना रुमाल लावला. टाळ्या पडल्या आणि डॉक्टर धावत आले. "आजी, काय सुंदर बोललात! तुमचाही फोटो लावायचा आता भिंतीवर!"

"मग उद्या याल ना?" आजीने एस्पेरांतोतच विचारलं.

"हो, हो! धन्यवाद!" डॉक्टरही एस्पेरांतोत म्हणाले. तेवढं त्यांना येतं. मग ते फोटोवाल्याकडे वळले.

आजीने मात्र तो होकार खरा धरला. निघताना तिने मला कपाटातून काढून पिशवीत घातलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तर आज रविवार. चहा पुन्हा गरम करून झाला. समोर बस थांबली की आजी उठते, पडदा सरकवते आणि परत येऊन बसते. आतल्या खोलीत मुलगा तिचं सामान बांधतोय.

मघाशी माझ्याकडे बघून ती इथल्या साध्या भाषेत म्हणाली, "कुणी नाही आलं गं." आणि एकदम तिने जीभ चावली. मग तिने मला उचललं, माझ्या मोडक्या शेपटीवरून बोट फिरवलं आणि नियमाप्रमाणे स्वतःच्याच कपापुढे ठेवलं.

मगरीच्या अश्रूंवर कुणी विश्वास ठेवत नाही, म्हणून ते राहू द्या. माझं मागणं एवढंच आहे. तुम्हाला या भाषेचं नुसतं कौतुक असेल तर ते त्या भिंतीला जाऊन सांगा. पण चार मोडकेतोडके शब्द येत असतील तर आत्ता या, गाडी सकाळची आहे. खुशाल चुका आणि घसरा. दुसरं कुणी घसरल्याशिवाय मला तिच्या कपापुढून हलता येत नाही.