तीन पंपांची चाचणी

त्या वर्षी थंडी लांबली होती. तिच्या उतरत्या महिन्यात, बाजाराच्या मागील अरुंद रस्त्यावर, कुलपे दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावरच्या मजल्यावर, उत्तरेकडे एकच खिडकी असलेल्या बैठकीच्या खोलीत पुढील घटना घडली. घराचा मालक वजनमापे खात्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झाला होता आणि नात्यागोत्यात त्याला अजूनही तपासनीस म्हणूनच ओळखत. एका तोलावर त्याने उभ्या नोकरीत कधी निकाल दिला नव्हता. दुकानदाराचे वजन तो पुनःपुन्हा तोलत असे, तेही पारडी अदलाबदल करून. कारण तराजूही खोटे बोलू शकतो, असे त्याचे मत होते. या मताविरुद्ध कोणी वाद घातला, तर तो जेवणाची वेळ टळून गेली तरी सुटत नसे.

खोलीच्या आतल्या भिंतीलगत, लोखंडी चौकटीवर, खाऱ्या पाण्याची मोठी काचपेटी होती. ती त्याच्या पत्नीची. खडकांच्या मधोमध एक प्रवाळ होते. अंगठ्याएवढा तुकडा आणून तिने ते ताटाएवढे वाढवले होते. त्याचे मऊ, हिरवट बाहू दिवसभर पाण्यात डोलत आणि प्रत्येक बाहूच्या टोकाला लहानशी हातोडी असावी तसा आकार असे. दिवा लागायला जरा उशीर झाला की ते सगळे बाहू आत ओढून घेई. या रुसव्यावरून तिने त्याचे नाव बाईसाहेब ठेवले होते.

प्रवाळ हा जीव खरा, पण तो जागचा हलत नाही. अन्न त्याच्याकडे पाण्याने आणावे लागते आणि अंगावरचा मळही पाण्यानेच न्यावा लागतो. समुद्रात हे काम लाटांकडे असते. काचपेटीत ते काचेला आतून चिकटवलेल्या, मुठीएवढ्या पंपाकडे येते. पत्नी रुग्णालयात असताना हा पंप काही दिवस कण्हला आणि एका दुपारी मुका झाला.

ती रुग्णालयात का होती, हेही येथेच सांगितले पाहिजे. तिच्या मणक्यात गाठ होती. पहिल्या शल्यवैद्याने ताबडतोब शस्त्रक्रिया करा असे सांगितले. तपासनिसाला त्यात घाई दिसली. दुसऱ्यानेही शस्त्रक्रियाच सांगितली, पण रीत वेगळी. तिसऱ्याने दोघांच्याही रीतींत दोष काढले. मग तपासनीस दुसऱ्याचा आक्षेप घेऊन पहिल्याकडे गेला, तिसऱ्याचा घेऊन दुसऱ्याकडे. आणि तिघांचे एकमत होईपर्यंत तिचे पाय निर्जीव होऊन गेले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. बाहेर आल्यावर शल्यवैद्य म्हणाला, "थोडं आधी आला असतात, तर..." आणि कोणीतरी हाक मारली म्हणून वाक्य अर्धे टाकून निघून गेला. आता पुन्हा उभे राहता येणार नाही, हे पत्नीला सांगण्यात आले तेव्हा ती छताकडे पाहत एवढेच म्हणाली, "ठीक आहे. माझा पलंग टँकसमोर लावा." दोष तिने कोणालाच दिला नाही, आणि तपासनिसाला हा न दिलेला दोष दिलेल्या दोषाहून जड जात होता.

तेव्हा उरलेले आयुष्य जे एक दृश्य पाहत तिला काढायचे होते, ते जिवंत ठेवणे, एवढेच काम त्याच्याकडे राहिले होते. या कामात तो चूक होऊ देणार नव्हता.

मेहुण्याचे शोभेच्या माशांचे दुकान होते. निरोप मिळताच तो तीन पंप पिशवीत घालून आला.

"भाऊजी, तिन्ही चांगले आहेत. डोळे मिटून कुठलाही उचला."

"डोळे मिटून उचलायचे तर डोळे दिले कशाला?"

"बघा, मला ठाऊक होतं. म्हणूनच तिन्ही आणले." मेहुणा खुर्चीत टेकला. "एक विचारू? लग्नाआधी ताईलाही तराजूत घातलं होतं का?"

"तेव्हा मी नोकरीला लागलो नव्हतो."

मेहुणा हसला. तपासनीस हसला नाही. तो पहिला पंप कानाशी धरून हलवून पाहत होता.

पहिल्याची धार अरुंद आणि जोरकस होती. काचपेटीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ती काचेवर आपटत असे. दुसऱ्याचा झोत पसरट आणि सौम्य होता, मात्र खडकांमागच्या कोपऱ्यात पाणी नुसते उभे राही. तिसरा पाणी थांबून थांबून ढकलत असे, त्यामुळे पेटीत लाट उठे. पण त्याला एक बारीक घरघर होती. तपासनिसाने पेटीच्या कडेला पेल्यात पाणी ठेवून त्यावरील तरंग पाहिले. माशांच्या खाद्याचा चुरा सोडून तो कुठे फिरतो, कुठे साचतो, हे निरखले. वीज घालवून पुन्हा आणली आणि कोणता पंप आपण होऊन सुरू होतो, कोणता अडखळतो, हे तपासले. हे सर्व एका पंपाचे डाव्या काचेवर झाले की तोच पंप उजव्या काचेवर. कारण पारडी बदलल्याशिवाय तोल खरा कसा मानावा? आणि मग पुढचा पंप. तिन्ही संपले की पुन्हा पहिला, कारण पहिल्याच्या वेळी पाणी थोडे थंड होते आणि तुलना समान परिस्थितीतच न्याय्य ठरते.

दुपारी पत्नीचा फोन येई.

"बाईसाहेब उठल्या का?"

"उठल्या."

"लावला का पंप?"

"चाचणी चालू आहे."

"अहो, एखाद्याला पास होऊ द्या. सगळ्यांना नापास करायला ते काय दुकानदार आहेत?"

"घाईनं लावायचा आणि मग पस्तावायचं, त्यापेक्षा..."

"बरं," ती म्हणाली आणि जेवणात आज काय बेचव होते ते सांगू लागली.

बाईसाहेब उठल्या होत्या हे खरे, पण अर्ध्याच. पहिल्या पंपाच्या धारेत बाहू एका अंगाला झोपले. दुसरा लावला तेव्हा ते हळूहळू बाहेर येऊ लागले. तिसऱ्याची पाळी आली तसे ते पुन्हा आखडले. तपासनिसाने हा आखडण्याचा प्रकार त्या त्या पंपाविरुद्ध पुरावा म्हणून धरला. पुरावा परस्परविरोधी निघू लागला. ज्या पंपाखाली काल बाहू उघडले होते, त्याच पंपाखाली आज ते मिटले. अशा वेळी तपासनीस जे करतो तेच त्याने केले. आणखी एक फेरी घेतली.

मेहुणा दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याने चपला काढताकाढताच पेटीकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. काचेशी वाकून तो बराच वेळ उभा राहिला. प्रवाळाच्या कडेला मांस आतल्या दगडी सांगाड्यापासून सुटले होते आणि तेथे पांढरी रेघ दिसत होती.

"भाऊजी, हात जोडतो. एक पंप लावा आणि हात खिशात घाला."

"कोणता?"

"कुठलाही. कोरल एका प्रवाहाला अंग लावून बसतं. आज डावीकडून पाणी, उद्या उजवीकडून, परवा लाटा. त्यानं उघडायचं कधी? रोज कोणी तुमचं अंथरूण उचलून दुसऱ्या खोलीत टाकलं तर झोप लागेल का तुम्हाला?"

"दाखला आकर्षक आहे, पण दाखला म्हणजे पुरावा नव्हे. कोणत्या पंपाखाली ते अधिक आखडतं हे निश्चित झाल्याशिवाय मी एक निवडला, तर ती निवड नव्हे, सोडत झाली."

"मग सोडत काढा."

"ती तुझ्या ताईची वस्तू आहे."

"म्हणूनच सांगतोय ना." मेहुण्याने चहाही घेतला नाही. दारात वळून तो म्हणाला, "ताईला मी काही सांगत नाही. तुम्हीच काय ते सांगा."

तो गेल्यावर तपासनीस खुर्ची ओढून पेटीसमोर बसला. मेहुण्याच्या बोलण्यातला दोष तो शोधत राहिला आणि तो सापडेना. तेव्हा त्याने दुसरा पंप लावला आणि खरोखरच हात खिशात घातले. परंतु तोवर रेघ रुंदावली होती. पांढऱ्यावर तपकिरी, बुळबुळीत थर चढला, पाण्याला उग्र वास येऊ लागला आणि एका सकाळी दिवा लागला तेव्हा डोलण्यासारखे काही उरले नव्हते. खडकांच्या मधोमध दगडी पाकळ्यांचा एक रिकामा गुच्छ तेवढा होता. त्याच्यावरून दुसऱ्या पंपाचे पाणी अत्यंत सौम्यपणे वाहत होते.

फोनवर तो "उठल्या" असेच म्हणत राहिला. खोट्या वजनासाठी त्याने ज्या माणसांची दुकाने बंद केली होती, त्यांच्यापैकी एखाद्याने हे ऐकले असते तर त्याला समाधान वाटले असते.

पत्नीला घरी आणले त्या दिवशी जिना अरुंद म्हणून दोन माणसांनी तिला खुर्चीसकट उचलून वर आणले. सांगाडा काढून टाकावा, असे तपासनिसाच्या मनात येऊन गेले होते. पण पुरावा नष्ट करणे त्याच्या स्वभावात नव्हते. पलंग पेटीसमोर लावलेला होता. उशा नीट करून माणसे निघून गेली. मेहुणा स्वयंपाकघरात भांड्यांचा उगाच आवाज करत राहिला.

ती पाहत होती. पांघरुणाखाली तिचे पाय कोणी ठेवून विसरून गेल्यासारखे पडले होते.

"कधी?" तिने विचारले.

"मागच्या आठवड्यात."

"आणि फोनवर?"

त्याने खुर्ची पलंगाजवळ ओढली. मग त्याला वाटले की निदान कार्यकारणभाव तरी तिला कळला पाहिजे, आणि तो सांगू लागला. पहिल्याची धार, दुसऱ्याचा उभा राहिलेला कोपरा, तिसऱ्याची घरघर. डावी काच, उजवी काच. परिस्थिती समान ठेवण्याची अडचण. तो व्यवस्थित, क्रमाने बोलत होता आणि बोलता बोलता त्याचा आवाज बारीक होत गेला. ती ऐकत होती. नोकरीत असताना तो घरी येऊन दिवसभराच्या तपासण्या सांगे, तेव्हाही ती अशीच ऐकत असे.

"मग ठरला कोणता?" तो थांबल्यावर तिने विचारले.

"दुसरा. तसा तिसराही वाईट नव्हता. अजून एक फेरी झाली असती, तर नक्की सांगता आलं असतं."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला. तिने मान वळवून प्रथमच त्याच्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पुष्कळ दिवस हातात धरलेली वस्तू खाली ठेवताना माणूस जसा दिसतो, तशी ती दिसत होती.

"पंप तिन्ही चांगले होते," ती म्हणाली. "डॉक्टरही तिघे चांगलेच होते."