कडू अंगारा

नवलाख उंबरे गावच्या माळावर अंगारेबाबाच्या शेडपुढे भल्या सकाळीच मोटारसायकलींची रीघ लागायची. कंपनीत दिवसभर माल तपासणारा सोपानही बायकोला घेऊन त्या गर्दीत उभा होता. शालनचं डोकं महिनाभर ठणकत होतं, सकाळी उठली की ओकायची. डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला होता.

"यंत्रात डोकं घालू नगंस, माये!" बाबा गरजले. "डोक्यात काळ बसलाय, आवाजानं चवताळतो. ह्यो अंगारा रोज पाण्यातून घे. खंड पडला तर मी जबाबदार न्हाई!"

जबाबदारी इतकी चटकन झटकणारा देवमाणूस सोपानने पहिल्यांदाच पाहिला. पण दोन दिवसांत शालन उठून भाकऱ्या थापू लागली. डोळ्यांदेखत गुण आला, मग शंका कुणी काढायची? एमआरआय राहिला तो राहिलाच.

शालनची भूक वाढली, गाल भरले. सोपान खूश. तिला मात्र कडेचं दिसेनासं झालं. हात लागून तांब्या पडायचा. "काळ जाताना नजर नेतो, मग परत देतो," बाबा म्हणाले. सोपानने मान डोलावली.

एक दिवस शेडला कुलूप दिसलं. बाबा दौऱ्यावर गेले होते. अंगाऱ्याच्या पुड्या संपल्या आणि शालन न्हाणीघराच्या दारात कोसळली.

हॉस्पिटलच्या न्यूरोसर्जरी विभागात डॉ. राजेश्वरींनी फिल्म दाखवली. "मेंदूत गाठ आहे. बरीच वाढलीय."

"पर मॅडम, गुण आलता! म्या सोता बघितलं."

"काय घेत होत्या?"

सोपानने खिशातली पुडी काढली. तळाशी चिमूटभर अंगारा उरला होता. "लय कडू लागायचा म्हनं."

राख अशी कडू लागत नाही. तपासणीत त्यात कुटलेली स्टेरॉइडची गोळी निघाली.

"हे औषध आम्हीही देतो," डॉक्टर म्हणाल्या. "गाठीभोवतीची सूज उतरते, डोकं दुखायचं थांबतं. तेवढ्या अवधीत आम्ही ऑपरेशन करतो. बाबानं सूज उतरवली आणि तुम्हाला घरी बसवलं. गाठ आत वाढत राहिली. औषध एकदम तुटलं की रोगी असा कोसळतो. म्हणून तर तो खंड पाडू नका म्हणायचा."

ऑपरेशन झालं, शालन वाचली. डोळ्यांच्या नसा मात्र फार दिवस दाबाखाली होत्या. उरलीसुरली नजरही गेली, ती परत आली नाही.

बाबा परतले तेव्हा सोपान शालनचा हात धरून माळावर गेला. घरच्या बंबातली राख आणि रांगेतल्या एकाकडून घेतलेली बाबाची पुडी त्याने लोकांपुढे धरली. "दोन्ही जिभेला लावून बघा."

चार जण थुंकले. "बाबाची कडू हाय!"

"नास्तिका, काळ तुझं घर खाईल!" बाबा ओरडले.

"खाल्लं की," शालन म्हणाली. "मला गुण आलता, खोटं न्हाई. पर दुखायचं थांबलं म्हंजी रोग गेला असं न्हाई. गुण कशानं आला ते इचारा. डॉक्टरला दाखवा." मग तिने हळूच विचारलं, "गेली का वं मान्सं?"

सोपानने पाहिलं. काही मोटारसायकली सुरू झाल्या होत्या. रांग मात्र पुढे सरकत होती.

"न्हाई. उभी हायती."

"मग तोंड तिकडं करा माझं. पुन्यांदा सांगते."