टमाट्याची साक्ष

भासऱ्यापुढं तोंड उघडायचं नाही, हे ज्योत्स्ना लग्न होऊन केनवडजवळच्या त्या गावात आली तेव्हाच तिला बजावलं गेलं होतं. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला चुलतभाऊ इंद्रभान. दोन्ही घरांची विहीर एक. सोयाबीनवर तणनाशक फवारून झालं की इंद्रभान फवारणीचा पंप विहिरीच्या काठावरच खंगाळायचा आणि ते पाणी फुटक्या काठावरून सरळ आत उतरायचं. त्या विहिरीवरच्या हौदातलं पाणी पिऊन ज्योत्स्नाच्या शेळ्या मेल्या. तेव्हापासून ती लेकरांसाठी लांबून हापशीचं पाणी आणी. नवरा भावापुढं मान वर करत नव्हता, आणि सासू गोजराबाईला आपल्या सासऱ्यानं खोदलेल्या विहिरीबद्दल वावगा शब्द खपत नव्हता. तपासणीला पाण्याची बाटली पाठवली, तर तिथं क्षार आणि जंतू तेवढे बघितले आणि पाणी पिण्याजोगं ठरवून टाकलं. मग बोलायचं कोणी?

म्हणून कारंज्याचा इंजिनिअर इमाद पाणी पारखायचं यंत्र घेऊन गावात आला तेव्हा तिला हायसं वाटलं. टमाट्याच्या झाडांना बारीक तारा लावायच्या. मुळाशी काही वेगळं गेलं की झाडात विजेची किंचित हालचाल होते, ती संगणकानं टिपायची. आधी काही झाडांना शुद्ध पाणी आणि काहींना तणनाशकाचं औषध मिसळलेलं पाणी देऊन संगणकाला दोन्हींतला फरक शिकवायचा. मग कुठलंही पाणी घाला, तो सांगेल. औषधाच्या पाण्याचं इमाद स्वतः बघे. शुद्ध पाण्याचे कॅन त्यानं आणून ठेवले. ज्योत्स्नानं आपलं अंगण दिलं, झाडांना लेकरांसारखं जपलं. ती मजुरीला गेली की पाणी घालायचं काम गोजराबाईकडं. आपल्याला जे बोलता येत नाही ते झाड बोलेल, एवढ्या आशेवर ज्योत्स्नानं पावसाळा काढला.

निकालाच्या दिवशी पारावर गाव जमलं. विहिरीबद्दलची कुरकूर कोणाची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इमादनं सांगितलं की विहिरीच्या पाण्याला झाडांनी अगदी शुद्ध पाण्यासारखाच प्रतिसाद दिला. इंद्रभान मोठ्यानं हसला नाही, तेवढी त्याची मेहरबानी. मिशीवरून हात फिरवत तो ज्योत्स्नाच्या नवऱ्याला म्हणाला, "घरात सांगजो. आता झाडानंच सांगतलं." भरल्या गावात ज्योत्स्ना खोटी पडली, आणि तीही तिनंच जपलेल्या झाडांमुळं.

नंतर अंगणात इमाद तारा गुंडाळत होता. गोजराबाईनं त्याच्या हातात विहिरीच्या पाण्याचा पेला दिला. तिचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

"चांगलं सांगनारच," ती म्हणाली. "लहानपनापासून आपल्याच विहिरीचं पानी पाजलं मी त्या झाडायले. ते डब्यातलं बेचव पानी घरच्या झाडाले कायले घालू? ते मी भांडे धुवाले काढलं."

इमादचा हात पेल्यासकट थांबला. जे पाणी तपासायचं, तेच शुद्ध म्हणून संगणकाला शिकवलं गेलं होतं. शेंबड्या पोराच्याही लक्षात यावी अशी चूक, आणि एवढ्या शिकलेल्या माणसानं एकदाही विचारलं नाही की कॅन कशात संपले. म्हातारीवर चिडावं की याच्यावर, ज्योत्स्नाला कळेना. तिला दोघांचाही संताप आला.

"मंग आता जाऊन सांगा," ती म्हणाली. "लोकं अजून पारावरच हायेत."

अहवाल वर गेला आहे, आमच्या साहेबांनी तो पुढं दाखवलाही आहे, आता चूक झाली म्हटलं तर सगळं कामच बंद पडेल. पुढच्या हंगामात पुन्हा झाडं लावू, तोवर ताई तुम्ही कुठं बोलू नका, असं इमाद अडखळत सांगत गेला. माणूस वाईट नव्हता. पण तिला आजवर गप्प बसवलं होतं ते अशाच वाईट नसलेल्या माणसांनी.

"प्या मंग," ज्योत्स्ना म्हणाली. "तुमची मशीन चांगलं म्हनते ना. प्या."

इमादनं पेला हळूच ओट्यावर ठेवला आणि पुन्हा तारा गुंडाळायला लागला.

गोजराबाईला ते लागलं. पाव्हण्यानं घरचं पाणी असं बाजूला सारलेलं तिनं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. तिनं पेला उचलला. ज्योत्स्ना "आत्याबाई, नका" म्हणत पुढं झाली; पण म्हातारीनं सुनेकडं रोखून बघत तो घटाघटा रिकामा केला आणि दुसरा भरायला विहिरीकडं निघाली.