सोळा दातांचं दाताळं आणि सुधाताईंचं अंजीर

मी एक जुनं दाताळं आहे, मित्रांनो. जुनं म्हणजे मोडकं नव्हे! माझे सोळाही लोखंडी दात शाबूत आहेत. तुमच्या आजोबांना विचारून पाहा, त्यांचे किती उरलेत.

न्युरेम्बर्गजवळच्या एका लोहाराने मला घडवलं. शहराच्या कडेला भाड्याच्या छोट्या बागांची एक वसाहत आहे. तिला इकडे क्लाइनगार्टन म्हणतात. राहतं घर गावात आणि बाग इथे. ट्राम चालवणाऱ्या लिंडनरसाहेबांची इथे बाग होती. त्यांच्या हातात मी तीस शरद ऋतू काढले. थंडीच्या देशात शरद म्हणजे बागेची परीक्षा. ऑक्टोबरात लसणाच्या पाकळ्या पुरायच्या. पहिल्या दहिवराने, म्हणजे गोठलेल्या दवाने, डेलियाची पानं काळी पडली की तिचे कंद उकरून तळघरात न्यायचे. पाण्याचं पिंप रिकामं करायचं, नाहीतर बर्फाने ते तडकतं. कुंड्यांखाली फळ्या सरकवायच्या. आणि सर्वांत शेवटी माझी पाळी यायची. मी गवतावरची पानं गोळा करायचं आणि साहेब ती गुलाबांच्या पायाशी अंथरायचे.

साहेब गेले आणि मी शेडमध्ये सहा वर्षं कोळ्यांच्या जाळ्यात उभं राहिलं. फार वाईट वाटायचं. मग शेजारची बाग रोहिणीने घेतली. ती सासवडची, इथे एका कारखान्यात इंजिनिअर. साहेबांच्या पत्नीने, लिंडनरबाईंनी, मला कुंपणावरून तिच्या हातात दिलं.

गेल्या वर्षीच्या वसंतात रोहिणीच्या आई, सुधाताई, वारल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करून रोहिणी परत आली आणि तिने आईच्या नावाने बागेत अंजिराचं रोप लावलं. सासवडच्या माणसाला अंजिराशिवाय दुसरं काय सुचणार? रोप जेमतेम गुडघाभर होतं.

सप्टेंबरात तिचे वडील, यादवराव, तीन महिन्यांसाठी आले. निवृत्त पोस्टमास्तर. पहिले काही दिवस ते बागेतल्या बाकावर नुसते बसून असायचे. धड जेवायचे नाहीत. मग एके सकाळी त्यांनी मला उचललं आणि पानं ओढायला सुरुवात केली. त्यानंतर ते रोज ओढू लागले.

"सुधाला अंगणात एक पान पडलेलं खपायचं नाही," ते म्हणाले. "ती होती तोवर मी कधी झाडू हातात घेतला नाही गं."

मित्रांनो, मी काय जोरात कामाला लागलं! गवतावर पान नाही, वाफ्यात पान नाही. अंजिराच्या पायाशी तर माती अशी साफ की पंगत बसवावी. येणारेजाणारे थांबून बघायचे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. लोखंडाला चढतं का, असं विचारू नका, चढलं.

लिंडनरबाईंनी मात्र रोहिणीला बजावलं की पहिल्याच हिवाळ्यात अंजिराची मुळं उघडी ठेवू नका, पानं राहू द्या.

रोहिणीने ते वडिलांना सांगितलं. "बाबा, इथे पानं झाडाखालीच ठेवतात. पांघरूण म्हणून."

"तुझ्या आईचं झाड कचऱ्यात ठेवू?" यादवराव चिडले.

रोहिणी गप्प बसली. बाबा निदान बाकावरून उठलेत, पोळी मागून खातायत, एवढ्यावर ती खूश होती. गप्प तर मीही बसलं. तीस वर्षं मी बघत आलेलं की पानं कशासाठी असतात! पण वाहवा ऐकताना ते माझ्या लक्षातच राहिलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात वसाहतीची गाडी आली आणि आमची पानांची चौदा पोती घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दुपारी रोहिणीने फोनवर हवामान पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"बाबा, उद्या उणे नऊ आहे. अंजीर जगणार नाही."

यादवराव अंजिरापाशी गेले. ती चकचकीत माती त्यांनी हाताने चाचपली. ती आधीच दगडासारखी गार होती. "मीच केलं हे," ते म्हणाले. "तिच्या आवडीचं करायला गेलो आणि तिचंच झाड..."

रोहिणी म्हणाली, "मी मागते लिंडनरबाईंकडे."

"नको. चूक माझी आहे, मीच मागतो."

उभ्या आयुष्यात या माणसाने शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागितली नसेल. त्यांनी एका हातात रिकामं पोतं घेतलं, दुसऱ्या हातात मला, आणि शेजारच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. जर्मन येत नव्हतं. "प्लीज, मॅडम. लीव्हज. फॉर माय वाइफ," एवढंच म्हणाले.

लिंडनरबाईंनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आपल्या नवऱ्याच्या हातचं दाताळं त्यांनी ओळखलं. "आल्झो, कोमेन झी," म्हणजे 'बरं, या', म्हणत त्यांनी फाटक उघडलं. त्यांच्याकडे तारेच्या पिंजऱ्यात बीच नावाच्या झाडाची पानं साठवलेली होती. कोरडी आणि लवकर न कुजणारी. आम्ही तीन पोती भरली. मग बाईंनी खुणांनी शिकवलं आणि यादवरावांनी केलं: आधी मुळांना थोडं पाणी, मग दोन विती पानांचा थर, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वरून ख्रिसमसच्या झाडाच्या फांद्या. मला उलटं धरून त्यांनी पानं हलक्या हाताने पसरली. तीन महिने जे ओढलं, ते त्या दुपारी मी परत घातलं. एवढं मोलाचं काम मी लिंडनरसाहेबांच्या हातातही केलं नव्हतं.

"गेनाऊ!" म्हणजे 'अगदी बरोबर', बाई म्हणाल्या आणि डोळे पुसले.

डिसेंबरात यादवराव सासवडला परतले. थंडी खूप पडली. मेच्या मध्यावर, दहिवराची भीती संपल्यावर, रोहिणीने पानं बाजूला केली. वरच्या काड्या काळ्या पडून वाळल्या होत्या. ती गुडघ्यांवर बसून खाली चाचपू लागली. मातीलगत एक हिरवा कोंब होता, करंगळीएवढा.

तिने लगेच वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी तो कोंब नीट पाहिला. मग त्यांनी फोन फिरवून आपलं अंगण दाखवलं. आंब्याखाली वाळक्या पानांचा थर होता.

"मी झाडायचं थांबवलंय," ते म्हणाले. "तिला चाललं असतं का गं?"

"आधी भांडली असती तुमच्याशी," रोहिणी म्हणाली. "मग स्वतःच चार पानं आणून टाकली असती."

यादवराव हसले. त्यांचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

म्हणून सांगतं, मित्रांनो. बाग जरूर साफ करा, त्यासाठी मी आहेच. पण पोत्याचं तोंड बांधण्याआधी बागेतल्या सर्वांत लहान झाडापाशी एकदा जा आणि त्याला काय हवंय ते बघा. काम झालं की माझे दात पुसून मला कोरड्या जागी ठेवा. मला अजून पुष्कळ झाडांना पांघरूण घालायचं आहे.