काळी वायर कुठं कसली

भोकरला आमचं बॅटऱ्यांचं दुकान हाय. दुकान सासूच्या, रुक्मिणबाईंच्या नावावर. माल आणायचा-विकायचा माझे थोरले दीर व्यंकटभावजी बघतात, अन् तपासणीचं टेबल माझं. सुनेनं थोरल्या दिराशी थेट बोलायचं न्हाई, ही आमच्या घरची रीत. त्यामुळं दोन हातांच्या अंतरावर उभं राहून आम्ही सासूच्या तोंडून भांडतो. भांडण मात्र काही कमी पडत न्हाई.

त्या दिवशी भावजींनी लातूरहून आणलेल्या बॅटऱ्या मी नापास केल्या. किनवटच्या मुलींच्या वसतिगृहाला जायच्या होत्या. वरून रंग नवा, आत जुना माल. तपासायला मी घरीच लोडचा डब्बा बनवलाय. बॅटरी जोडली की दहा अँपिअर ठरवले तर दहाच ओढतो, कमी न्हाई जास्त न्हाई. चांगली बॅटरी तग धरते. ह्या सगळ्या निम्म्या वाटेतच बसल्या.

"आत्या, ह्या बॅटऱ्या पोरींना अंधारात बसवतील," मी सासूला म्हणलं.

भावजींनी करंट मोजायचा क्लॅम्प मीटर आणून बॅटरीच्या वायरीवर अडकवला. माझ्या डब्ब्यावर दहा, मीटरवर साडेनऊ.

"आई, तिला इचार, स्वतःच खोटं बोलणारं भंगार माझ्या मालाला खोटं कसं ठरवतं? खामखा अडवून राहिली. टेबल उचल म्हणावं, आजच!"

आत्यांनी मीटर डोळ्याजवळ धरून बघितला. "डब्बा खोटा असला तर टेबल जाईल, तनुजा. काय ते आत्ताच शोध."

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. ते टेबल गेलं की मला ह्या घरात चूल अन् धुणं, बस्स. डब्बा खोलला. करंट ठरवायचं व्होल्टेज बरोबर. करंट मोजायची जाड पट्टी बरोबर. चिप बदलली, तरी साडेनऊच.

"नाचता येईना अंगण वाकडं! तिला म्हणावं, डब्ब्याला नारळ फोड," मागून भावजी.

पट्टीपाशी हात जाईना म्हणून आडवी आलेली आतल्या बारक्या पंख्याची वायर काढली, तर मीटर सरळ दहावर! परत जोडली, साडेनऊ. अन् हा पंखा मी बसवलेलाच नव्हता.

"आत्या, हा उद्योग कुणाचा?"

"माझा," भावजी आईकडंच बघून म्हणाले. "डब्बा तापून राहिला होता, जळला असता. ट्रॅक्टरला करतो तसं केलं. काळी वायर जवळच्या बोल्टला कसली."

काळी वायर निगेटिव्हची. ट्रॅक्टरचं सगळं अंगच निगेटिव्ह, तिथं कुठलाही बोल्ट चालतो. इथं तो बोल्ट मोजायच्या पट्टीच्या वरच्या टोकाचा होता. पंख्याचा करंट पट्टीतून जाऊन राहिला होता, अन् डब्बा तो बॅटरीचाच धरत होता.

"अन् मला सांगायला तोंड नव्हतं का, भावजी?"

तोंडावर बोलले मी.

"तुमच्या पंख्यामुळं बॅटरीवर ओझं कमीच पडलं. त्या कमी ओझ्यातच तुमचा माल बसला. आता पुऱ्या दहावर बघा!"

त्यांचीच दुसरी बॅटरी लावली. पहिल्यांपेक्षा लवकर बसली.

भावजींचं तोंड लाल झालं. "आई, मग पंखा बसल्यापासून हिनं कमी ओझ्यावर पास केलेल्या बॅटऱ्या? त्यातल्या किती कच्च्या?"

माणूस हलकट, पण बोलला खरं.

"हाव, खरं हाय," मी म्हणलं. "एकेक परत आणून तपासीन. तुमच्या मात्र आजच लातूरला जातील."

"टेबल राहील," आत्या म्हणाल्या.

"आई, तिला सांग! ह्या दुकानात ती राहील न्हाईतर मी!"

"ती समोरच उभी हाय," आत्या म्हणाल्या. "तूच सांग."

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मी पदर सावरला न्हाई, मान बी खाली घातली न्हाई. खाली वाकून त्यांनी पहिली बॅटरी उचलली अन् लातूरला परत धाडायला टेम्पोत नेऊन ठेवली.