टाकीखालची बिनआवाजी मोटर

जुनी मोटर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर विहिरीवरची मोटर येते. ती मी नव्हे, मित्रांनो. ती बिचारी पाणी वर काढते. मी उदगीरच्या एका गल्लीत गॅरेजचं शटर वर-खाली करते. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी मला पाण्यापुढे पडदा ओढायची नोकरी लागली. आता माझ्या अंगाला गंज आहे, एका बाजूचा रंग गेला आहे, पण बटण दाबलं की मी अजून फिरते. फिरल्याबद्दल मला आजवर कुणी दोष दिलेला नाही. खरं सांगायचं तर तेच मला टोचतं.

माझा जन्म दूरच्या एका औद्योगिक वसाहतीत झाला. तांब्याची तार माझ्या पोटात गुंडाळली गेली, दात्यांना ग्रीस लागलं, आणि तपासणीच्या टेबलावर एका माणसानं माझ्या पाठीला कान लावून म्हटलं, "ही चालते का बंद आहे, कळतच नाही." मग माझ्या खोक्यावर 'कमी आवाज' अशी चिठ्ठी लागली. मला केवढा अभिमान वाटला होता! गुणी मूल आवाज करत नाही, असं मीही तेव्हा मानत होते.

खोक्यातून निघाले ती वीरण्णाच्या दुकानात. वीरण्णा शटरवाला. बोलायला गोड, मराठीत कानडी हेल, आणि महाग वस्तू आधी दाखवायची सवय. त्याच्याकडे एके दिवशी अण्णाराव आले.

अण्णाराव म्हणजे सहकारी संस्थेतून निवृत्त झालेले कार्यालय अधीक्षक. बोरीच्या काट्याइतकाही वाईटपणा नसलेला माणूस, असं गल्ली म्हणे. त्यांची एकच श्रद्धा होती : उदगीर जिल्हा होणार. ही बातमी आमच्याकडे लोणच्याच्या कैऱ्यांबरोबर दरवर्षी येते आणि कैऱ्यांबरोबरच मुरते. पण अण्णारावांनी ती मनावर घेतली होती. जिल्हा झाला की मोठे साहेब येणार, साहेबांना भाड्यानं घर लागणार, म्हणून त्यांनी घरावर मजला चढवला होता. मजल्यावर सध्या पारवे राहत. भाडं देत नसत, पण नियमित होते.

या घराच्या गॅरेजात एक नळ होता, बोअरचा. गल्लीची रीत अशी, की सकाळी अण्णाराव शटर वर ढकलत. त्या जुन्या शटरचा धडाड्‌ आवाज मारुतीच्या देवळापर्यंत जाई. तो आवाज म्हणजे पाणी सुटलं. बाया घागरी घेऊन येत, रांग लावत, पाणी नेत. कुणाला बोलवावं लागत नसे, कुणाला मागावं लागत नसे. मागणं आणि देणं यांच्यामध्ये शटरचा आवाज होता, म्हणून दोघांचीही अब्रू राही.

मग सलग दुष्काळ पडला. बोअरची धार करंगळीवर आली. टँकर कधी येई, कधी नुसता येणार असे. अण्णारावांनी विचार केला : उद्या जिल्हा झाला, साहेब वरच्या मजल्यावर आले, आणि त्यांना आंघोळीला पाणी नसलं तर? त्यांनी गवंडी बोलावून गॅरेजच्या आतच, दाराच्या बरोबर वर, सिमेंटची टाकी बांधून घेतली. गच्चीवर बांधली असती तर गल्लीला दिसली असती. विचारलं तर म्हणायचे, "माळा केलाय. जुन्या फायली ठेवायला."

बोअरचा नळ टाकीला जोडला, टाकी भरली. आता अडचण एकच उरली. पाणी मागायला आलेल्याला नाही कसं म्हणायचं? आमच्याकडे माणूस पैशाला नाही म्हणेल, पोरीच्या सोयरिकीला नाही म्हणेल, पण पाण्याला नाही म्हणणं म्हणजे पाप. अण्णाराव पापभीरू होते. पाप न करता नाही म्हणण्याचा मार्ग ते शोधत होते, आणि तो त्यांना वीरण्णाच्या दुकानात सापडला.

वीरण्णा माप घ्यायला आला. आधी त्यानं छताला लटकणारी, पट्टीवरून सरकणारी मोटर काढली.

"हे बघा साहेब. मोठ्या मोठ्या बंगल्याला हेच बसवतेत."

"बसव की मग."

वीरण्णानं वर पाहिलं. शटरची गुंडाळी आणि टाकीचं बूड यांच्यामध्ये चार बोटं जागा होती.

"कुठं बसवू? जागाच न्हाई की वो. वर एवढं काय हाय?"

"माळा."

"मग माळा थोडा काढा."

"माळा निघत न्हाई. दुसरं दाखव."

वीरण्णानं दुसरी दाखवली. ती शटरच्या दांड्यातच मधोमध बसते. पण तिच्यानं गुंडाळी आणखी जाड होते, आणि गुंडाळी जाड झाली की ती टाकीच्या बुडाला घासणार. "घासून घासून माळा फुटंल," वीरण्णा म्हणाला. अण्णारावांचा चेहरा असा झाला, की फायली फुटण्याची भीती वाटणारा हा जगातला पहिला माणूस असावा.

तेव्हा माझी पाळी आली. मी बाजूची मोटर. मला डोक्यावर जागा लागत नाही. दांड्याच्या एका टोकाला भिंतीला टेकून बसते आणि साखळीनं दांडा फिरवते. वरच्या चार बोटांना मी हातही लावत नाही.

"आवाज?" अण्णारावांनी हळूच विचारलं.

"अजिबात न्हाई. शटरच्या खाचंत नायलॉनची पट्टी टाकून देतो. मांजर गेल्यासारखं उघडंल."

"शेजाऱ्याला कळणार न्हाई ना?"

"शेजाऱ्याला कशाला त्रास!" वीरण्णा कौतुकानं म्हणाला.

अशी माझी निवड झाली. मित्रांनो, जागा कमी असताना मोटर कशी निवडावी याचं ते उत्तम उदाहरण होतं. सगळं मोजलं गेलं. जागा कमी का झाली, एवढंच मोजायचं राहिलं.

तारामतीबाईंनी, म्हणजे अण्णारावांच्या पत्नींनी, मला हळदकुंकू लावलं. रिमोट दोन होते. एक अण्णारावांच्या खिशात गेला, दुसरा तारामतीबाईंच्या देवघरात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी.

पहिल्या सकाळी मी शटर उघडलं आणि बंद केलं. कुणाला कळलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. गल्लीतल्या बाया आवाजाची वाट पाहत उंबऱ्यात बसल्या आणि उठून टँकरच्या रांगेकडे गेल्या. अण्णाराव जीपमध्ये बसून जात, परत येत. कुणी विचारलंच तर म्हणत, "शटर उघडंच व्हतं की सकाळी. तुम्ही आलाच न्हाई." यात खोटं काहीच नव्हतं. माझ्या तोंडून त्यांनी नाही म्हणवून घेतलं होतं, आणि मला तर तोंडच नव्हतं. साखळी फिरली की माझ्या दात्यांवर शटरपेक्षा जास्त वजन येई. कारखान्यात याला 'भार' म्हणतात. मला तो शब्द पुरा वाटत नसे.

समोरच धुरपताबाईंचं घर. रांगेत कोण पुढे, कोण मागे, हा न्याय वर्षानुवर्षं त्याच करत. त्यांची सून पंचशीला तहसीलमध्ये नोकरीला होती आणि मी बसले त्याच आठवड्यात बाळंत झाली होती. आमच्या दारातून त्या घरातलं लेकराचं रडणं ऐकू येई. टाकीखाली ते जास्तच घुमे. तारामतीबाई स्वयंपाकघरातून उठून गॅरेजात येत, वर टाकीकडे पाहत, आणि पुन्हा आत जात.

एकदा जेवताना त्या म्हणाल्या, "आवो, समोर बाळंतीण हाय."

"मग? मी काय करू?"

"कायबी करू नका. तेच तर करायलाव."

अण्णारावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि बराच वेळ खाल्लाच नाही. अपराध त्यांनाही कळत होता. त्यांनी फक्त त्याला जिल्ह्याचं कारण दिलं होतं.

मग तो मोर्चाचा दिवस आला. जिल्हा झालाच पाहिजे म्हणून कृती समितीनं तहसीलवर मोर्चा काढला होता, आणि अण्णाराव समितीचे चिटणीस. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, जीपला झेंडा. ते गॅरेजात जीपमध्ये बसले आणि त्यांनी रिमोट दाबला. मी नेहमीप्रमाणे गुपचूप शटर वर ओढलं.

शटरखालून दोन पावलं दिसली. मग दोन घागरी. मग लुगड्याचा काठ. धुरपताबाई दाराला नाक लावून उभ्या होत्या. आवाज येत नाही म्हणून त्यांनी दारासमोरच ठाण मांडलं होतं.

अण्णारावांनी घाबरून खालचं बटण दाबलं. मी शटर खाली सोडलं. काठ गेला, घागरी गेल्या, पावलं उरली. तेवढ्यात आतल्या पायरीवर तारामतीबाई आल्या. त्यांच्या हातात देवघरातला रिमोट होता. त्यांनी वरचं बटण दाबलं. मी वर. अण्णारावांनी खालचं दाबलं. मी खाली.

"येडी झाली का काय ही!" अण्णाराव माझ्यावर ओरडले. पायरी त्यांच्या पाठीमागे होती, तारामतीबाई त्यांना दिसल्याच नव्हत्या.

वर, खाली, वर, खाली. बाहेर गल्ली जमली. धुरपताबाईंच्या घागरी येत होत्या, जात होत्या. कुणीतरी पोट धरून हसत म्हणालं, "अण्णाचं शटर डोळे मारायलं की!" मी सांगितलं तसं करत होते. दोन धनी, दोन हुकूम, आणि नोकरानं विचार करायचा नसतो. माझ्या पोटातली तार मात्र तापत चालली. कमरेएवढं वर गेल्यावर मी थांबले. अण्णारावांनी बटण दाबलं, तारामतीबाईंनी दाबलं. मी हलले नाही.

जीप अडकली. अण्णाराव उतरून वाकले. बाहेरून धुरपताबाई वाकल्या. दोघांची डोकी शटरखाली समोरासमोर आली. धुरपताबाईंनी मान तिरकी करून वर पाहिलं. टाकीच्या बुडातून पाणी पाझरत होतं आणि जीपच्या टपावर पडत होतं.

"अण्णा, तुमचा माळा गळायला."

अण्णारावांनी टोपी सरळ केली.

"फायली भिजत असतील की वो."

मागे बाया हसल्या. धुरपताबाई हसल्या नाहीत.

"थोडं साठवून ठिवलंय," अण्णाराव कसेबसे म्हणाले. "जिल्हा झाला की साहेब लोक येतील, त्यास्नी..."

"जिल्हा होऊ द्या की. आम्ही कुठं आडवं आलोत? माझी सून त्याच कचेरीत हाय, तिला काय नको झालाय का जिल्हा? पर येणाऱ्या सायबाची आंघोळ तुम्ही आत्ताच भरून ठिवली, आन्‌ आलेल्या लेकराची? बाळोती वाळवून वाळवून वापरायलोत अण्णा, धुवायलो न्हाई. लेकराचं अंग लाल झालंय." त्यांनी घागर पुढे सरकवली. "पाण्यासाठी रांगेत हुबं ऱ्हायला मला कधी लाज वाटली न्हाई. पाणी न्हाई असं एकदा तोंडानं म्हणा. मी जाते."

मित्रांनो, त्या क्षणी अण्णारावांना फक्त एक शब्द बोलायचा होता. तो शब्द टाळण्यासाठीच त्यांनी मला विकत आणलं होतं. ते माझ्याकडे पाहू लागले. मी काय करणार? मी तापलेली होते.

त्यांनी शटरखालून हात बाहेर काढला आणि घागर आत ओढली.

नळाची धार टाकीतून जोरात आली. घागर भरली. शटर कमरेएवढंच असल्यामुळे त्यांना गुडघे टेकूनच ती बाहेर द्यावी लागली. दुसरी दिली. मग मागच्या बाईची. मग तिच्या मागची. पांढरा लेंगा गुडघ्यावर मातीनं काळा झाला. मला हातानं उघडायची एक साखळी असते, ती माझ्या कुशीलाच लोंबत होती, आणि तारामतीबाईंना ती ठाऊक होती. रांग संपेपर्यंत त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मध्येच फोन वाजला. समितीचे अध्यक्ष हणमंतराव होते. त्यांचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला.

"कुठं हाव अण्णाराव? मोर्चा निघाला की!"

"पाणी वाटायलो."

"आज? कामून?"

अण्णारावांनी फोन टोपीत ठेवला आणि पुढची घागर घेतली.

संध्याकाळपर्यंत गल्लीत माझं नाव झालं. "मोटरीला माणसापेक्षा जास्त कळलं," असं लोक म्हणू लागले. एका बाईनं मला फूल वाहिलं. मित्रांनो, मी तुमच्यापाशी खोटं बोलणार नाही. मला काही कळलं नव्हतं. जास्त तापले की मी आपोआप बंद पडते, जळू नये म्हणून. ती माझी सोय आहे, माझा चांगुलपणा नाही. थंड असते तर मी धुरपताबाईंच्या तोंडावर शटर लावलं असतं, आणि तेही अगदी आवाज न करता. ते फूल माझ्यावर सुकेपर्यंत होतं. मला ते उतरवता येत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी अण्णाराव गॅरेजात आले आणि त्यांनी वरचं बटण दाबलं. मी थंड झाले होते. मांजर जावं तसं शटर पूर्ण उघडलं. गल्लीत कुणाला कळलं नाही. अण्णाराव नळाशेजारी उभे राहिले. वाट पाहिली. समोरचं दार बंद होतं. आतून लेकराचा बारीक आवाज येत होता.

आयुष्यात त्यांना कुणाला पाण्यासाठी हाक मारावी लागली नव्हती. ते काम लोखंड करत असे. त्यांनी घसा खाकरला. मग ते रस्त्याच्या मध्यावर गेले.

"धुरपताबाई," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, "आवो धुरपताबाई! पाणी सोडलंय. पंचशीलाच्या आन्‌ लेकराच्या आंघोळीला घिऊन जावा. बाकीच्यांस्नीबी सांगा."

दार उघडलं. त्या घागर घेऊन बाहेर आल्या, आणि स्वतःची घागर भरण्याआधी त्यांनी गल्लीकडे तोंड करून सगळ्यांना आरोळी ठोकली.

जिल्ह्याचं काय झालं ते तुम्ही मोठ्या माणसांना विचारा. माझं मागणं लहान आहे. मित्रांनो, आम्हा यंत्रांना वेळेवर ग्रीस द्या, साखळी सैल झाली तर आवळा, पावसाळ्याआधी गंज खरवडा. तेवढ्यावर आम्ही सांगाल ते निमूटपणे करतो, चांगलं आणि वाईट एकाच ताकदीनं. म्हणून दाराबाहेर कुणी उभं असेल, तर त्याला काय सांगायचं ते आमच्यावर सोडू नका. बाहेर जा आणि तोंडानं सांगा.