पातळ धूर

पिंजऱ्यासारख्या लिफ्टचं दार फिरक्यानं खणकन उघडलं आणि दाजींना आधी चिमणीभोवतीच्या उंच सज्जावर काढलं.

"कठडा सोडा दाजी. तुमच्या वजनानं चिमणी पडायची नाही."

"मला चिमण्या शिकवू नकोस, मेहुण्या. तुझ्या ताईला बघायला आलो तेव्हाही माझ्या केसांत राख होती."

"म्हणूनच बाबा म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण वय जरा लपवतोय!"

दाजी खदखदून हसले. नवं हेल्मेट त्यांना घट्ट होत होतं. या वीजकेंद्रात त्यांचा आज पहिलाच दिवस. नोकरी फिरक्यानं साहेबांच्या मागे भुणभुण लावून मिळवून दिली होती. फिरक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण कुणाची तरी फिरकी घेतल्याशिवाय ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, त्याला दुसरं काय म्हणणार? ताई फोनवर म्हणाली, "देवासारखा धावून आलास रे." एरवी त्यानं त्यावर तासभर टोलेबाजी केली असती. त्या दिवशी 'रेंज नाही' म्हणून त्यानं फोन ठेवला.

नदीपलीकडे दाजींच्या जुन्या केंद्राची चिमणी उभी होती. धूर नव्हता. तिच्या काठावर पक्षी बसले होते.

कोळशाची वीज टप्प्याटप्प्यानं बंद करायचं सरकारनं ठरवलं होतं. दोन काठांवरच्या दोन केंद्रांपैकी ज्याच्या विजेमागे कार्बन जास्त, त्याला आधी टाळं. फरक उन्नीस-बीसचा निघाला. पलीकडचं गेलं.

तो उन्नीस-बीस आला कुठून, हे फिरक्याला ठाऊक होतं.

सुरुवातीला ती नुसती खोडी होती. साहेब रोज कार्बनचा आकडा बघून कपाळाला हात लावायचे. त्यांची गंमत करावी म्हणून फिरक्यानं, चिमणीतला धूर यंत्राकडे ओढणाऱ्या नळीचा नट जरासा सैल केला. बाहेरची हवा आत शिरली, धूर पातळ झाला, आकडा उतरला. साहेब खुर्चीतून टुणकन उठले. सगळ्यांनी पोट धरधरून हसून घेतल्यावर फिरक्यानं खरं ते सांगितलं. साहेबही हसले. हसता हसता म्हणाले, "राहू दे तसाच. बरा दिसतोय."

नंतर सरकारची घोषणा झाली. त्या दिवशी नट आवळायला म्हणून फिरक्या इथवर आलाही होता. पाना खिशातच राहिला. दाजींची नोकरी त्याला आठवली नव्हती असं नाही. आपली आधी आठवली.

आणि आता साहेबांनी नेमकं हेच यंत्र दाजींच्या गळ्यात मारलं होतं.

"नळ्यांना हात लावू नका," फिरक्या म्हणाला. "माझ्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत त्या."

पण दाजींचा हात केव्हाच फिरायला लागला होता, गाईच्या पाठीवरून फिरावा तसा. नटापाशी तो थांबला. त्यांनी हातमोजा काढला, अंगठा जिभेला लावून ओला केला आणि नटाजवळ धरला.

"हवा ओढतोय रे हा."

दाजींनी हात पुढे केला. फिरक्यानं खिशातला पाना काढून दिला.

नट आवळला गेला. थोड्या वेळानं यंत्रावरचा आकडा चढू लागला. पलीकडच्या केंद्रातला प्रत्येकजण तिथला आकडा पाठ म्हणून दाखवायचा. त्यापायीच तर सगळे घरी बसले होते. इथला आकडा त्याच्याही पुढे गेला आणि मग थांबला.

"कधीपासून?"

"तुमचं बंद झालं... त्याच्या आधीपासून."

फिरक्याच्या खिशात फोन थरथरू लागला. खाली साहेबांनाही आकडा दिसला असणार. त्यानं उचलला नाही. त्याला वाटलं, आता दाजींची कानाखाली बसेल. बसावी, असंही वाटलं.

दाजी नदीपलीकडे बघत राहिले.

"ताईला माहीत आहे?"

"नाही."

"आणि हा आकडा असाच राहिला तर इथलंही टाळं..."

"यंदाच."

दाजींनी हेल्मेट काढलं, कपाळावरचा वळ चोळला, पुन्हा घातलं. मग नटावर पाना चढवला. आकड्यावर नजर ठेवून, अगदी हलक्या हातानं, थोडं थोडं थांबत त्यांनी तो सैल केला. आकडा होता तिथे येऊन बसला. फिरक्याला इतकं नेमकं कधीच जमलं नव्हतं.

फोन थांबला.

"चल खाली," पाना परत देत दाजी म्हणाले. "ताईनं तुझाही डबा दिलाय."